अरुंधतीचं दुसरं लग्न आणि आमची गल्ली

'आई कुठे काय करते' शेवटी शेवटी फार काळवंडली म्हणून मी तिच्यावर नाराज आहे असं माझ्या मुलीला वाटतं. तिला मी दरवेळी सांगते की बाई, तसं नाहीये, दुःखाचं मला काही वावडं नाही, ही मालिका पहिल्या आठवड्यापासून दुःखाचीच होती आणि म्हणूनच तर आम्ही तिला इतकी वर्षं धरून बसलो होतो. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते चार ओळींत सांगता येत नाही, म्हणून हे एवढं लांबलचक लिहायला घेतलंय.

२३ डिसेंबर २०१९ ला स्टार प्रवाहवर सुरू झाली ती, संध्याकाळी साडेसातला. आता साडेसात म्हणजे आमच्या अमळनेरसारख्या गावात बाईच्या हातात परात असायची वेळ. थंडीचे दिवस होते, घरात रोज कळण्याच्या भाकरी चाललेल्या, आणि आमच्या स्वयंपाकघरातून टीव्ही दिसत नाही, नुसता ऐकू येतो. त्यामुळे पहिले कित्येक दिवस मी अरुंधती, म्हणजे मालिकेतली ती आई, बघितली कमी आणि ऐकली जास्त. भाकरी थापता थापता कानावर येणारा तो मधुराणी प्रभुलकरचा आवाज, कुणावर न चिडता, सगळ्यांना काय हवं नको विचारणारा, आणि मग तिला उत्तर न देणारी ती सगळी माणसं. न बघता ऐकल्यावर ते जास्तच कळायचं, की हिला इथे कुणी उत्तरच देत नाहीये. तव्यावरची भाकरी टाकून मी दारात येऊन उभी राहायचे ते तेव्हा.

मूळ गोष्ट बंगाली, 'श्रीमोयी' नावाची, तीही २०१९ चीच. मग आपली मराठी आली, आणि २०२० च्या जुलैमध्ये हिंदीत 'अनुपमा' आली. म्हणजे बंगालपासून महाराष्ट्रापर्यंत सगळीकडे ही एकच बाई चालली, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. लग्नाला पंचवीस वर्षं होत आलेली, तीन मुलं, सासू-सासरे, 'समृद्धी' नावाचा बंगला आणि त्या अख्ख्या बंगल्यात स्वतःची म्हणावी अशी एक खुर्ची नाही. नवऱ्याचं ऑफिसातल्या संजनाबरोबर प्रकरण आहे हे प्रेक्षकांना आधी कळतं आणि तिला नंतर. मिलिंद गवळींचा अनिरुद्ध मला फार खरा वाटायचा, कारण तो मारत नव्हता, दारू पिऊन धिंगाणा घालत नव्हता, चांगल्या कपड्यातला चांगल्या घरचा माणूस होता आणि बायकोकडे बघायचंच विसरून गेला होता. असे किती जण आहेत आपल्याकडे! गल्लीत नावं घेऊन सांगता येतील, घेणार नाही.

तर सांगायचं म्हणजे ते दुःख घरातून आलेलं होतं. वरून कुणी आणून टाकलेलं नव्हतं. मुलांना आईची लाज वाटणं, सासूने मुलाचीच बाजू घेणं (कांचन आजी, अर्चना पाटकर, काय काम केलंय त्या बाईंनी), तिच्या गाण्याची कुणाला आठवणही नसणं, यात कुठे अपघात नाही, विष नाही, पिस्तूल नाही. आणि तरी आम्ही रडायचो. आमच्या सासूबाई, ज्यांना सगळी गल्ली जिजी म्हणते, त्या तर आधी मालिका बघतच नव्हत्या, त्यांचं हरिपाठ नि टाळ बरे, पण अरुंधतीपाशी बसल्या त्या उठल्याच नाहीत.

मग २०२० चा मार्च आला. शूटिंग बंद, नवे भाग बंद. जिजी रोज साडेसातला विचारायच्या, 'ती अरुंधती कथी गई व?' कोरोना काय आहे हे समजावणं सोपं गेलं मला, पण अरुंधती का येत नाही हे नाही. जुलैत ती परत आली तेव्हा आमच्या घरी गोडाचा शिरा झाला होता, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, खरंच त्या म्हणाल्या कर म्हणून.

पुढे घटस्फोट झाला. २०२१ चं हे. आमच्याकडे सोडचिठ्ठी म्हणतात आणि तो शब्द घरात मोठ्याने कुणी उच्चारत नाही, पण त्या दिवसांत उच्चारला गेला, जेवणाच्या ताटावर बसून, सुना-लेकी सगळ्यांच्या देखत. 'तिने सही करायला पाहिजे', 'नको, मुलांचं काय', असं आमच्या घरात माझे मिस्टर आणि जिजी भांडले, आणि सही कर म्हणणाऱ्या जिजी होत्या. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही मालिका नुसता टाइमपास नाही. ज्या गोष्टी आपण एकमेकांना विचारूच शकत नाही त्या तिच्या नावाने विचारता येतात. अरुंधतीने असं करावं का, म्हणजे मी असं केलं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं, एवढा सरळ अर्थ होता त्याचा, आणि सगळ्यांना तो कळत होता.

आणि मग आशुतोष. ओंकार गोवर्धनचा आशुतोष केळकर, कॉलेजातला मित्र, तेव्हापासून मनात तिलाच धरून बसलेला. २०२३ मध्ये त्यांचं लग्न लागलं. घरातल्या काहींचा विरोध, काही बाजूने, बरंच महाभारत, पण लागलं. मेंदी, हळद, साडी, फुलं, सगळं करून. तीन मुलांची आई, आजी झालेली बाई, नवरी म्हणून उभी.

हा भाग बघताना जिजी जे म्हणाल्या ते मला लिहून ठेवायचंच आहे. त्या म्हणाल्या, 'दिवसा लगीन लागनं व माय तिन्हं!' मला आधी समजलंच नाही त्यात एवढं काय. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी त्यांच्या गावाकडे पाट लागायचे, म्हणजे विधवा झालेल्या किंवा सोडलेल्या बाईचं दुसरं लग्न. ते व्हायचं, नाही असं नाही, कुणबी-माळ्यांत व्हायचंच, पण रात्री. वाजंत्री नाही, मांडव नाही, सवाष्णींनी त्या बाईचं तोंड बघायचं नाही, चार माणसं येऊन कपाळाला काय लावायचं ते लावून जायची, उजाडायच्या आत बाई नव्या घरी. जिजींच्या एका आत्याचा असा पाट लागला होता. सकाळी उठल्यावर आत्या घरात नव्हती, एवढंच त्यांना आठवतं, आणि कुठे गेली म्हणून विचारलं तर आजीने गप्प बसवलं.

त्या बाईंनी अरुंधतीला भर मांडवात, लाइटींच्या उजेडात, सगळ्यांच्या समोर हार घालताना बघितलं आणि दिवसा लगीन लागलं म्हणून टाळी वाजवली. त्यामुळे पुढे जे झालं ते मला एका कॅरेक्टरचा मृत्यू म्हणून सोडून देता येत नाही.

२०२४ च्या सुरुवातीच्या महिन्यांत आशुतोषला अपघातात मारलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत आमच्या अमळनेरला सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन झालं होतं, साने गुरुजींचं गाव म्हणून गाव नुसतं फुलून गेलं होतं, आम्ही बायकाही नटूनथटून ग्रंथदिंडीला गेलो, पुस्तकांचे स्टॉल फिरलो. तिथे मोठमोठी माणसं समाजाचं नि साहित्याचं नातं सांगत होती, चांगलं सांगत होती. पण आमच्या गल्लीत त्या दिवसांत ज्या गोष्टीने खरोखर माणसं हलली ती अरुंधतीची होती आणि तिच्याबद्दल बोलायला कुठलं व्यासपीठ नव्हतं, होळीनंतरच्या पापडांची पाटी होती.

खान्देशात होळी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हे दिवस म्हणजे वाळवणाचे. पहाटे उठून गच्चीवर ज्वारीचे बिबडे, आणि दुपारी सावलीला बसून उडदाचे पापड. मालिका त्याच सुमाराला साडेसातवरून काढून दुपारी अडीचला नेली होती, तिच्या जागी 'घरोघरी मातीच्या चुली' आली, १८ मार्चपासून. तर अडीचला आमच्या पुढच्या खोलीत पाच-सात पोळपाट आणि समोर टीव्ही. उडदाचं पीठ तेलाचा हात लावून कुटून कुटून मऊ केलेलं, त्याची लांब वळी करायची आणि दोऱ्याने लाट्या पाडायच्या. त्या दिवशी लाट्या पाडायला बसली होती ती मागच्या गल्लीतली एक मुलगी. मुलगी म्हणजे चाळिशीला आलेली, पण मी मुलगीच म्हणते तिला. तिची सोडचिठ्ठी होऊन बरीच वर्षं झालेली, स्वतःच्या पायावर उभी, आणि त्या वेळी तिच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. अजून पक्कं नव्हतं. गल्लीला माहीत होतं, पण तिच्यासमोर कुणी काढत नव्हतं.

टीव्हीवर अरुंधती पांढऱ्या फटक चेहऱ्याने बसलेली. आणि आमच्यातली एक जण, वाईट बाई नाही ती, अडीनडीला धावून येणारी, पोळपाटावरून नजर न काढता सहज म्हणून गेली, 'काहीही म्हणा, लाभलं नाही बाईला दुसरं लग्न.'

दोरा थांबला. म्हणजे एक क्षणभरच, वळीच्या मधोमध, लाटी अर्धी कापलेली. मग तिने ओढला आणि पुढची पाडली, मग त्याच्या पुढची. कुणीच काही बोललं नाही. ती मुलगी पण नाही.

माझा राग तिथला आहे. लेखकांनी आशुतोषला मारलं, त्यामागे कारणं असतील, रोजची मालिका म्हणजे आठवड्याचे सहा भाग, दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, आकडा पडला की काहीतरी मोठं घडवा, हे सगळं मला समजतं. नटांच्या तारखा असतात, चॅनेलचे हिशेब असतात. नमिता वर्तकांची पटकथा आणि मुग्धा गोडबोलेंचे संवाद मी चार वर्षं जीव लावून ऐकलेत, त्या बायकांनी हे हलकेपणाने केलं असेल असं मी म्हणणार नाही. पण जे दुःख अरुंधतीच्या घरातून, तिच्या माणसांच्या वागण्यातून यायचं ते आता रस्त्यावरच्या अपघातातून आलं. कुणाचा दोष नाही, कुणाला जाब विचारता येत नाही. आणि जिथे कुणाचा दोष नसतो तिथे आपल्याकडे लगेच बाईचं नशीब आणतात. अनिरुद्धने तिला फसवलं तेव्हा गल्ली अनिरुद्धला नावं ठेवत होती, आशुतोष गेला तेव्हा गल्लीने तिच्या पायगुणाकडे बोट दाखवलं. कथेला हे माहीत असायला पाहिजे होतं. ज्या बाईला तुम्ही भर दिवसा बोहल्यावर चढवलं, तिला वर्ष-दीड वर्षात परत पांढऱ्या कपाळाने आणून बसवलं की बघणारे काय शिकणार, याचा विचार कुणीतरी करायला पाहिजे होता.

लोक 'तुला पाहते रे' या मालिकेचं उदाहरण देतात की तिथे तर याहून वाईट झालं होतं. झालं होतंच. २०१८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली तेव्हा सुबोध भावेचा विक्रांत सरंजामे म्हणजे सगळ्या महाराष्ट्राचा लाडका जावई, आणि लग्न लागल्यावर काही महिन्यांनी निघाला तो खुनी, पहिल्या बायकोला, राजनंदिनीला मारणारा गजेंद्र पाटील, आणि त्याची नवी बायको ईशा म्हणजे राजनंदिनीचा पुनर्जन्म. तेव्हाही घराघरात बायका चिडल्या. पण मला तिथे एवढं लागलं नव्हतं, कारण तिथे फसवणूक हीच गोष्ट होती, मागे वळून बघितलं तर त्या माणसाच्या गोडपणात आधीपासून काहीतरी खुपत होतं. म्हणजे तो काळेपणा त्या गोष्टीच्या पोटातला होता. आशुतोषच्या मरणाचं तसं नाही. ते कुठल्याच पात्राच्या स्वभावातून निघत नाही.

इथपर्यंत मी अगदी ठाम आहे. पुढचं सांगताना मात्र माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं.

कारण जिजी. जिजींनी मालिका मधल्या काळात जवळजवळ सोडली होती. अनिरुद्धच्या त्या देशमुखांच्या घरातली कारस्थानं, संजना आज चांगली उद्या वाईट, त्याला त्या कंटाळल्या होत्या. आशुतोष गेल्यावर त्या परत येऊन बसल्या. मी म्हटलं, आई, नका बघू, उगाच जीवाला त्रास. त्या उठल्या नाहीत. भर उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला, मधूनच लाइट जाते, कूलर बंद पडतो, तरी पदराने वारा घेत अडीचला टीव्हीसमोर.

आमचे सासरे गेले तेव्हा जिजी पस्तिशीच्याही नव्हत्या. माझे मिस्टर तेव्हा शाळेत. हे मला लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं, पण त्या दिवसांबद्दल त्या कधी बोलल्या नव्हत्या. एक शब्द नाही. कानबाई या आमच्या देवीच्या रोटांच्या सणाला आमच्याकडे सगळं भाऊबंद जमतं, गाणी सगळ्यात जास्त जिजींना येतात, पण त्या मागे भिंतीला टेकून म्हणायच्या, पूजेला पुढे कधी नाही. मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही असा ठराव केला, सरकारनेही मग बाकीच्या गावांनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं, ते मी त्यांना पेपरातून वाचून दाखवलं होतं. तेव्हा म्हणाल्या, 'आपलाकडे येवाले टाईम लागी,' आणि तांदूळ निवडायला लागल्या.

अरुंधतीच्या त्या दिवसांत मात्र त्या बोलल्या. जाहिरात लागली की बोलायच्या, मालिका सुरू झाली की गप्प. सासऱ्यांना नेल्यानंतर संध्याकाळपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, आणि त्या कोपऱ्यात, आणि सगळे त्यांच्याबद्दल बोलत होते पण त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. 'माले कोनी पानी बी नही दिधं,' हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी पोळपाट बाजूला ठेवून दिला. बांगड्या कुणी फोडल्या तेही सांगितलं. नाव इथे लिहीत नाही, ती बाई आता नाही. तिच्यावर त्यांचा राग नव्हता. तिच्याही बांगड्या कुणीतरी अशाच फोडल्या होत्या म्हणे.

आता सांगा, मी काय म्हणू? ज्या ट्रॅकला मी उगाचचा म्हणते, टीआरपीसाठी ओढूनताणून आणलेला म्हणते, त्याच ट्रॅकमुळे माझ्या सासूने चाळीसहून जास्त वर्षं पोटात ठेवलेलं माझ्याजवळ सांगितलं. सुखाच्या एपिसोडांनी हे केलं नसतं. घटस्फोटाच्या वेळी आम्ही भांडलो, लग्नाच्या वेळी टाळ्या वाजवल्या, पण हे नाही निघालं. मालिकेने तो अंधार चुकीच्या वाटेने आणला हे माझं मत कायम आहे, पण तो आल्यावर त्यात बसलेली मधुराणी प्रभुलकर खोटी नव्हती. तिचा चेहरा बघून जिजींना काहीतरी ओळखीचं दिसलं. त्या नटीने ते इतकं नीट केलं की वरच्या कथेचा उथळपणा झाकला गेला, आणि याचं श्रेय मी तिला देते, अपघात लिहिणाऱ्याला नाही.

'लाभलं नाही'वाल्या बाईला उत्तर पण जिजींनीच दिलं, दोन-तीन दिवसांनी, पापडच चालू असताना. विषय कुणी काढला नव्हता. त्या आपणहून म्हणाल्या, 'चार दिन हासनी ना ती? ते कोन लई जाई?' आणि मग त्या मुलीकडे बघून, जिच्या लग्नाचं चाललं होतं तिच्याकडे, 'तू करी ले व.' एवढंच. ती मुलगी लाजली की रडली मला कळलं नाही, तिने तोंड फिरवलं होतं. (तिचं लग्न पुढे ठरलं नाही. त्याची कारणं वेगळी होती, देण्याघेण्याची, त्यात अरुंधतीचा काही संबंध नव्हता, हे मुद्दाम लिहिते.)

३० नोव्हेंबर २०२४ ला मालिका संपली, पाच वर्षांना थोडंसंच कमी. शेवटच्या महिन्यांत दुपारची बघणारे आम्ही थोडेच उरलो होतो, शेतावर जाणाऱ्या बायका तर मार्चमध्येच तुटल्या, त्यांना साडेसात जमायचं, अडीच कसं जमणार, वेचणी-निंदणी सोडून कोण येणार. चॅनेलने वेळ बदलली तेव्हा या बायकांचा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही. अरुंधती खरं तर त्यांचीच होती.

जिजी आणि माझं अजून यावर एकमत नाही. त्या म्हणतात मरण दाखवलं ते बरं केलं, जगात होतं ते दाखवायला पाहिजे. मी म्हणते मरण आपण पुष्कळ बघतो, घरात बघतो, टीव्हीवर बघतो, विधवेचं रडणं मराठी पडद्याला काही नवीन नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर लग्न केलेली दोन माणसं रोज सकाळी काय करतात हे मात्र मी कधीच बघितलेलं नाही. आधी कोण उठतं, त्याच्या बीपीच्या गोळ्या कोण आठवणीने देतं, तिला सवयीने पाचलाच जाग येते आणि मग करायला काहीच नसतं तेव्हा ती काय करते, तिची मोठी झालेली मुलं घरी आली की त्याने कुठे बसायचं, तिच्या गाण्याच्या रियाजाने त्याची झोप मोडली तर तो बोलतो का गप्प राहतो. एखाद्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून त्याने तोंड वाकडं केलं असतं आणि तिने, जिने पंचवीस वर्षं असल्या तोंडाला घाबरून काढली, सरळ म्हटलं असतं की मग उद्या तू कर, आणि त्याने खरंच केली असती, कच्ची-बिच्ची, आणि दोघांनी खाल्ली असती. त्या एका एपिसोडसाठी मी भर उन्हाळ्यात रोज अडीचला बसले असते.